आत्याचा प्रश्न, बाबांचं उत्तर

आमची आत्या शिक्षणशास्त्राची प्राध्यापक. मुलींची शाळा मधेच का सुटते, हे शोधत ती देशोदेशी फिरते. तिच्या अभ्यासामुळे कुठेकुठे कायदेसुद्धा बदललेत! पण तिचे प्रश्न आधी आमच्या स्वयंपाकघरात तपासले जातात, कारण बाबांना कळलेला प्रश्न जगात कुणालाही कळतो म्हणे!

काल बाबा कणीक मळत होते. आत्याने प्रश्न वाचला, "मुलीला शिकायला परगावी पाठवाल का?"

"म्हणजे काय! नक्की पाठवीन!" बाबा छाती फुगवून म्हणाले.

मी टुणकन उडीच मारली! परगावच्या विज्ञानशाळेत मला प्रवेश मिळाला होता आणि आठवडाभर बाबांचं एकच पालुपद चाललं होतं, "इथलीच शाळा बरी."

"अगं ताई, मी आपलं जगातल्या मुलींबद्दल बोललो!" बाबा गडबडले.

"ही काय चंद्रावरची आहे? बाळ्या, खरं उत्तर सांग. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ असंच लिहिते."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"‘हो’ लिही," ते हळूच म्हणाले. "पण ही तिथे वेळेवर जेवेल ना?"

उत्तर द्यायला मी होते कुठे? मी माळ्यावर चढून बॅग शोधत होते!