आज्ञाधारक पाणी

"चढ, जलमाते, चढ!" निर्मळबाबा ओरडला आणि पाणी खरोखरच चढलं.

बाजारामागच्या मोकळ्या जागेत एक पांढरी व्हॅन उभी होती. मागचे दरवाजे सताड उघडे. आत कमरेएवढी पोलादी टाकी, तिच्या झाकणातून निघालेली बारीक पारदर्शक नळी. ती उघड्या दाराच्या माथ्यावरून वळसा घेऊन खाली बादलीत उतरत होती. पाणी ओढणारा पंप शेजारीच होता, पण त्याची वायर बाबानं उपटून स्वतःच्या हातात धरली होती. वीज नाही, पंप नाही, तोटी नाही. बाबानं नळीच्या टोकाला ओठ लावून डोळे मिटले, गाल आत ओढून मनातल्या मनात काहीतरी मंत्र म्हटला, आणि पाणी दाराच्या माथ्यापर्यंत चढून धो धो खाली आलं. गर्दीतून जयजयकार उठला.

एक चष्मेवाला कारकून जरा पुढे सरकून नळीकडे निरखून बघू लागला. बाबानं लगेच तळहात उगारला. "थांब, माते! संशयी मन आलंय!"

धार बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि थांबली. नळीला कुणाचा हातही लागलेला नव्हता. कारकुनाचं तोंड पांढरंफटक पडलं. लोकांनी त्याला सदरा धरून मागं खेचलं, बाबा म्हणाला, "ये, माते!" आणि धार पुन्हा सुरू झाली.

"बघितलंत?" बाबा गर्दीवरून नजर फिरवत म्हणाला. "या पाण्यानं धुतलेली काच पुसावी लागत नाही. डाग म्हणून राहत नाही! अहो, मग डोळा म्हणजे तरी काय? देवानं बसवलेली काचच की!"

हा बाबा पूर्वी दारोदार फिरून पाणी गाळायची यंत्रं विकायचा. यंत्रं खपली नाहीत, जीभ मात्र चांगली तयार झाली.

शेवटच्या रांगेत शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. पाणी चढलं त्याचं त्यांना काडीचं नवल वाटलं नाही. नळी एकदा तोंडानं ओढून भरली आणि तिचं बाहेरचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली ठेवलं, की पाणी आपल्या वजनानं मधला चढ ओलांडून वाहतच राहतं. दरवर्षी त्या हे मुलांना करून दाखवायच्या आणि दरवर्षी वर्गभर पाणी सांडायचं. त्यांचं डोकं अडलं होतं ते थांबण्यापाशी. हुकूम झाला की पाणी थांबतं कसं?

कोडं म्हणून सोडून द्यावं असं ते नव्हतं, कारण रांगेत सगळ्यात पुढे आप्पा उभे होते, बाईंचे वडील. आप्पांना काचबिंदू होता. एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यानं नळकांड्यातून बघावं तेवढंच दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "थेंब एक दिवसही चुकवू नका. यात गेलेली नजर परत येत नाही." सकाळी आप्पांनी चहा पिताना सहज सांगून टाकलं, की थेंब त्यांनी कधीचेच बंद केलेत आणि डोळ्यात बाबाचं पाणी घालतात. बाई रडल्या, भांडल्या. आप्पांचं एकच पालुपद होतं. "अगं, धाकट्याच्या टाकीतलं पाणी आहे. घरचंच आहे की."

व्हॅन होती बाईंच्या धाकट्या भावाची. उंच इमारतींच्या काचा धुणं हा त्याचा धंदा. पाण्यातले क्षार गाळून टाकी भरायची, पंप लावायचा आणि लांब दांड्याच्या ब्रशनं खालूनच वरच्या मजल्यांच्या काचा धुवायच्या. क्षार नसले की वाळल्यावर डाग राहायला काही उरतच नाही. माता नाही नि महिमा नाही. पण ज्याला कालपर्यंत लोक "ए काचवाल्या" म्हणून हाक मारायचे, त्याच्या व्हॅनच्या चाकाला आज लोक हात लावून तो कपाळाला लावत होते. आणि मान कुणाला कडू लागतो? धाकटा बाबाशेजारी टाकीला रेलून, एक हात झाकणावर टेकवून उभा होता.

बाईंची नजर त्या हातावर गेली.

काल म्हणे टाकी निम्मी झाल्यावर बाबा "थांब" म्हणाला, तरी पाणी बराच वेळ वाहत राहिलं होतं. मग "माता दमली" म्हणून त्यानं दर्शनच आटोपलं. आज आल्याआल्या टाकी काठोकाठ भरून घेतली. मातेला भरलेलीच टाकी कशाला लागते?

आणि एकदम त्यांना धाकट्याचा कामावरचा पहिला दिवस आठवला. झाकणावरच्या हवेच्या भोकाची टोपी काढायला तो विसरला होता. पंप नुसता घरघरत राहिला, वर ब्रश कोरडा ठणठणीत आणि इमारतीच्या मालकाच्या तोंडाचा पट्टा सुरू. रात्री जेवताना धाकटा स्वतःच हसत म्हणाला होता, "ताई, टाकीला श्वास घेऊ दिला नाही तर ती पाणी देत नाही गं!"

बाई गर्दीतून वाट काढत पुढे निघाल्या.

तेवढ्यात बाबानं आप्पांपुढे बादली सरकवली. "आधी औषध टाका इथं. औषध आणि माता एका घरात नांदत नाहीत!"

आप्पांनी खिशातून बाटली काढली. धाकट्याची मान वळली.

"आप्पा, हिचं सील तसंच आहे!" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही थेंब घालत होतात ना?"

"मातेचं पाणी मिळाल्यावर थेंब कशाला रे?"

"मध्ये बोलायचं नाही!" बाबा गरजला. गर्दी कापत पुढे येणाऱ्या बाई त्याला दिसल्या आणि त्यानं तळहात उगारला. "थांब, माते! ही बघा, दुसरी संशयी!"

धाकट्याचा अंगठा सवयीनं दाबला गेला. धार आटली. लोक बाईंवर ओरडू लागले. कुणीतरी दंड धरला. बाईंनी आवाज वर्गात लावतात तसा लावला.

"माझं चुकलं म्हणा हवं तर! पण माझा भाऊ मातेजवळ इतका वेळ उभा आहे, त्यानं एकदाही नमस्कार केलेला नाही. त्याला मातेला हात जोडू द्या. दोन्ही हात!"

यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? "हो, हो, जोड की रे!" गर्दीतूनच आवाज आले.

"नाही!" बाबा किंचाळला. "त्यानं हात उचलायचा नाही! माता कोपेल!"

बाई भावाकडे बघत होत्या. धाकटा आप्पांच्या हातातल्या, सीलही न फोडलेल्या बाटलीकडे बघत होता. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं झाकणावरचा हात उचलला आणि दोन्ही हात जोडले. बाबाला नव्हे, आप्पांना.

झाकणातून "सूंऽऽ" असा आवाज आला. टाकीनं श्वास घेतला आणि पाणी वाहू लागलं.

"थांब, माते! थांब!" बाबा ओरडत राहिला. माता काही ऐकेना.

"भोक आहे झाकणाला," धाकटा रडत रडत म्हणाला. "मी अंगठा ठेवतो. मग आत हवा जात नाही, पाणी थांबतं. टाकी भरलेली असली, आत हवा थोडीच असली, की लगेच थांबतं. यानंच शिकवलं मला. आप्पा, देवाशपथ, तुम्ही थेंब बंद केलेत हे मला ठाऊक नव्हतं हो!"

"खोटं! पापी घराणं आहे हे!"

"मग घराण्याबाहेरच्या कुणीतरी करून बघा," बाई म्हणाल्या. "या, तुम्ही या."

चष्मेवाला कारकून बिचकत पुढे आला. त्यानं झाकणावर अंगठा दाबला. थोडा वेळ काहीच झालं नाही, बाबाचा चेहरा उजळू लागला, आणि मग धार बारीक होत होत थांबली. "अहो, हे अंगठा आत ओढतंय!" कारकून ओरडला. त्यानं अंगठा उचलला आणि सूंऽऽ! कुणीतरी हसलं. मग ज्याला त्याला अंगठा ठेवायचा होता. त्या रेटारेटीत बाबा कधी निसटला ते कुणाला कळलं नाही. पंपाची वायरही त्याच्या हातातच गेली.

"पाण्याला कान नसतात," बाई गर्दीला म्हणाल्या. "त्याला वजन असतं आणि हवेला दाब असतो, बास. या पाण्यात क्षार नाहीत म्हणून काचेवर डाग राहत नाही. पण जंतू असू शकतात. ते डोळ्यात घालाल तर डोळा घालवून बसाल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आप्पांचा डोळा तपासला. नळकांडं आणखी अरुंद झालं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं सांभाळता येईल, थेंब चुकले नाहीत तर. तेव्हापासून थेंब धाकटा स्वतः घालतो. आप्पांचा हट्टी स्वभाव तेवढा गेला नाही. परवा त्यांनी व्हॅनपाशी नेण्याचा हट्ट धरला, चाचपडत झाकण शोधलं, भोकावर अंगठा ठेवला आणि धार थांबल्याचं कानांनी ऐकलं.

"एवढंच होतं होय रे?" ते म्हणाले. "आणि मी यासाठी तुझा चेहरा घालवला."

आता धाकट्याचा चेहरा त्यांना अर्धाच दिसतो. ही किंमत अंगठ्याची नव्हे, न विचारलेल्या प्रश्नाची आहे. म्हणून सांगणं एवढंच आहे: जिथं "जवळ येऊ नका, संशय घेऊ नका" असा हुकूम सुटतो, तिथं आधी जवळ जा आणि कुणाचा हात कुठं आहे ते बघा. आणि काही झालं तरी, कुणीही सांगितलं तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.