दोन टिचक्या

एकवीस दिवसांच्या ट्रायलमध्ये एकोणीस दिवस आमची डेटाची लिंक एकदाही पडली नव्हती. आणखी दोन दिवस निभावले असते, तर जमिनीखालच्या त्याच जुन्या फायबरवरून आठपट डेटा जातो हे माझं म्हणणं कमिटीला झक मारत मान्य करावं लागलं असतं. अकरा वर्षं मी हेच घोकत होते आणि अकरा वर्षं लोक माझी टिंगल करत होते. ट्रायल फसली तर माझा सहा जणांचा गट मोडणार, हे साहेबांनी आधीच बजावलं होतं.

विसाव्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लिंक पडली. चार मिनिटांनी आपोआप उठली, पण पडली ती पडलीच.

वाटेतल्या मधल्या स्टेशनवर माझा धाकटा भाऊ असतो. सिग्नल दमतो म्हणून तिथे त्याला ताजातवाना करून पुढे पाठवतात. माझ्या पद्धतीत या मधल्या थांब्याची गरजच नाही, प्रकाश तिथल्या जोडांमधून नुसता सरळ पुढे जातो. मी त्याला फोन केला.

"मी जेवायला गेलो होतो गं, ताई. जुनी फायबर, दिला असेल दगा."

मीही ते खरं मानलं. पाठच्या भावावर कोण संशय घेतं? रिसीव्हरची नोंद चाळायला बसले ती केवळ माझ्या खडूस स्वभावामुळे.

पूर्वी प्रकाशाची नुसती उघडझाप करून डेटा पाठवायचे. आम्ही त्याच्या लहरीच्या चढउतारात आणि तिच्या कलात, म्हणजे ती कुठल्या दिशेला झुकलीय त्यातसुद्धा डेटा भरतो, म्हणून रिसीव्हर त्या कलावर क्षणोक्षणी नजर ठेवून असतो. वाटेत कुठेही फायबरला कुणी बोट लावलं की कल हलतो आणि नोंदीत उमटतो. सकाळपासूनची रेघ शांत होती. तीन-दहाला ती वेडीवाकडी झाली, मग प्रकाशच गेला. चार मिनिटांनी तो परत आला आणि त्यामागोमाग रेघेवर दोन बारीक टोकं उठली, लागोपाठ.

जोड बसवला की त्यावर दोन टिचक्या मारायची खोड माझ्या माहितीत एकाच माणसाला आहे. हे काम त्याला मीच शिकवलं आणि त्या टिचक्यांवरून शंभरदा ओरडलेही. "नीट बसलास का, असं विचारतो मी त्याला," म्हणायचा.

मी पुन्हा फोन लावला. "जेवताना फायबर काढून ठेवावी लागते का रे?"

तो म्हणाला, "तुझी लिंक चालली की माझं स्टेशन बंद."

"स्टेशन बंद झालं तर माझ्या गटात घ्यायला पहिलं नाव तुझं घातलंय मी."

"हो ना. आयुष्यभर ताईचा भाऊ म्हणून. इथे मी इन्चार्ज आहे."

"मग तोंडावर सांगायचंस. भांडायचंस."

"तुझ्याशी भांडून कुणी जिंकलंय?" तो हसला. खरंच हसला. "नोंदीत तुला दिसणार हे मला माहीत होतं, ताई. तू कुणाला दाखवणार नाहीस, हेही."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. लिंक पाडली त्याचं दुःख होतंच, पण ती पाडताना त्याने माझी माया गृहीत धरली होती. मला रडू आलं, आणि या माणसासाठी रडू येतंय याचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. साहेब म्हणाले, "जुनी फायबर तग धरत नाही, असंच लिहायचं ना?"

मी ती रेघ पडद्यावर लावली. हातच्या काकणाला आरसा कशाला? जोड कुणीतरी काढून पुन्हा बसवलाय, हे सगळ्यांनाच दिसलं.

"हात कुणाचा हा?" साहेबांनी विचारलं.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या व्हिडिओ कॉलच्या चौकटीत तो आपल्या स्टेशनवर खुर्चीत रेलून चहा पीत होता. मी गप्प बसणार याची त्याला इतकी खात्री, की त्याने मानही वर केली नव्हती.

"माझ्या भावाचा," मी म्हणाले.

तेव्हा त्याने वर पाहिलं.