गरम रसम

रसमात मिरी पडली की अजून मला माझ्या सासूबाई, शिवकामी अम्मा, आठवतात. त्या मला वैद्यांकडे घेऊन गेल्या ते शेवटचा उपाय म्हणून. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. रथोत्सवापर्यंत काही घडलं नाही तर मुलाचं दुसरं लग्न, असं त्यांनी अख्ख्या अग्रहाराला, आमच्या ब्राह्मणआळीला, ऐकवलं होतं. नवरा माझा भला, पण आईपुढे तोंड उघडेल तर शपथ.

पिषारडी वैद्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि भलतंच विचारलं, "भूक लागते का?"

सून सगळ्यांच्या मागून जेवायची. गार भात, तळाचं रसम. भूक कधी लागली नि कधी मेली, कळायचंही नाही.

"पोटातला अग्नीच मंदावलाय," वैद्य अम्मांना म्हणाले. "अन्न पचलं तर रस, रसातून रक्त, असं होत होत शेवटी बीज. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? भूक लागली की हिला लगेच गरम भात नि तूप. कुणासाठी थांबायचं नाही."

अम्मांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण वैद्यांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पुरुषांची पानं मांडण्याआधी त्या तोंड वाकडं करून मला विचारू लागल्या, "लागली का गं भूक?" पहिल्यांदा तर मी रडलेच. माहेर सुटल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं.

हळूहळू त्यांचं तोंड सरळ झालं. तुम्हीही बसा, असा मी आग्रह करायचे. एकदा बसल्या. रसमाचा घोट घेतला आणि वाटी पुन्हा माझ्यापुढे धरली.

"कोमलम, या घरात आल्यापासून गरम रसम आज तोंडाला लागलं बघ."

रथोत्सव आला, गेला. मला दिवस राहिले नाहीत. अम्मांचे थोरले भाऊ ठरल्याप्रमाणे स्थळ घेऊन आले, तेव्हा मी जेवत होते. हातातला घास मी पानात ठेवला.

अम्मा मला भात वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती जेवतेय, अण्णा. सुखानं जेवू दे. आणि ते स्थळ दुसऱ्या कुणाला तरी सांग."

मूल झालं नाहीच. नवराही गेला. आता रसम मी एकटीपुरतं करते, गरमच खाते. भूकही वेळेवर लागते. विचारायला अम्मा नाहीत.