सासऱ्यांची शेवटची मालगाडी

आमच्या घरी जेवायला बसलं की सासरे ताट पुढे ओढत नाहीत. "आधी तुमचं होऊ द्या जावईबापू," म्हणतात, "आम्ही मालगाडीवाले. आम्हाला थांबायची सवय आहे." मग बायको हसते, सासूबाई हसतात आणि मी मुकाट्याने घास गिळतो.

टोमणा रास्त आहे. सासरे मालगाडी चालवायचे आणि मी सेक्शन कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी पुढे काढायची आणि कुठली बाजूला उभी करायची हे ठरवणारा माणूस. पडद्यासमोर बसून, कानाला फोन लावून, स्वेटर घालून मी हुकूम सोडतो. स्वेटर एवढ्यासाठी, की त्या खोलीतला एसी माणसांसाठी नसून मशिनांसाठी आहे. आमच्या सेक्शनमध्ये उपनगरी गाड्यांची रीघ लागलेली असते आणि मालगाडीलाही त्याच रुळांवरून जायचं असतं. मग मी तिला लूपमध्ये, म्हणजे स्टेशनालगतच्या जादा लाइनवर घालतो, मागच्या गाड्या पुढे काढतो आणि फोनवर सांगतो, "पाचच मिनिटं." ही पाच मिनिटं कधीकधी दुपारभर चालतात. प्रवासी तक्रार करतात, कोळसा करत नाही. माझ्या सगळ्या हुशारीचं रहस्य एवढंच आहे.

सासऱ्यांना मी सगळ्यात जास्त वेळा ज्या लूपमध्ये घातलं, ते नेमकं त्यांच्या क्वार्टरच्या मागे आहे. रूळ, मग तारेचं कुंपण, मग त्यांचं स्वयंपाकघर. "घर समोर दिसतं आणि इंजिन सोडून उतरता येत नाही," असं ते चारचौघांत सांगायचे. ऐकणारे माझ्याकडे बघायचे. साखरपुड्यातसुद्धा म्हणाले होते, "मुलगी देतोय, आता तरी सोडाल ना?" मी सोडलं नाही. कामात नातं आणायचं नाही, असा माझा बाणा होता. खरं सांगायचं तर साहेबांची भीती होती.

निवृत्ती जवळ आली तेव्हा ते एकदा जेवताना म्हणाले, "एकदा तरी तुमच्या सेक्शनमधून न थांबता जायचंय. बस्स, मग काही मागणं नाही."

"काही नको," सासूबाई एकदम म्हणाल्या. "थांबण्यात काय वाईट आहे?"

मी मनात म्हटलं, बायकांना रेल्वेतलं काय कळतं!

आणि मी ठरवलं. शेवटच्या फेरीला सासऱ्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे सिग्नल हिरवे द्यायचे. उपनगरी गाड्यांच्या गर्दीत मालगाडी न थांबवता काढायची म्हणजे भरल्या ताटांच्या पंगतीतून हत्ती चालवत न्यायचा. शेजारच्या सेक्शनच्या कंट्रोलरला मस्का लावला, गाडी जरा लवकर सोड म्हणून. स्टेशनमास्तरांना आधीच फोन करून ठेवले. एक फास्ट गाडी थोडी मागे ठेवावी लागणार होती. त्यासाठी साहेबांची बोलणी खायची तयारीही ठेवली. एकदाच का होईना, या माणसाने ताटावरून माझ्याकडे कौतुकाने बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्या दिवशी बायको सकाळीच माहेरी गेली. मी माझा बेत तिला सांगितला नाही. म्हटलं, ऐनवेळी चकित होतील.

आणि मालगाडी गेली! पडद्यावर तिची लाल रेघ एकेक स्टेशन मागे टाकत सरकत होती. लूपसुद्धा मागे पडलं. मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "मालगाडीच आहे ना ती?" मी म्हटलं, "व्हीआयपी आहे."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, गाडी थांबली का नाही?"

"थांबेल कशी? सगळे हिरवे दिलेत!"

मग ती हळूच म्हणाली, "आई कुंपणापाशी उभी आहे. डबा घेऊन."

"कसला डबा?"

तेव्हा कळलं. इतकी वर्षं, माझ्या आधीच्या कंट्रोलरांपासून, गाडी लूपमध्ये जायची असली की वळणावर सासरे शिट्टी वाजवायचे. सासूबाई आमटी गरम करायला ठेवायच्या आणि कुंपणावरून डबा थेट इंजिनात जायचा. सासऱ्यांच्या ड्युट्या अशा, की दिवसाउजेडी दोघांची गाठ पडायची ती तिथेच. मुलीची शाळा, घरातली आजारपणं, सगळं कुंपणावरून ठरलं. माझ्या स्थळाला होकारही तिथलाच.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ऑफिसची माणसं. नियम काढला असतात."

काढला असता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर कुंपणापाशी उभी असलेली बाई रिकाम्या हातांनी नव्हे, भरल्या डब्यानिशी परत गेली होती. वर साहेबांची बोलणीही खाल्ली. फास्ट गाडी उशिरा पोचली होती.

संध्याकाळी सासरे क्वार्टरवर परत आले तेव्हा मीही तिथे होतो. सासूबाईंनी तोच डबा पुढे ठेवला. या वेळी त्यांनी आधी कुणाचं होऊ द्या म्हटलं नाही.

"पहिल्यांदाच सगळे हिरवे बघितले," ते म्हणाले. "ब्रेकवर हात ठेवून बसलो होतो. म्हटलं आता पिवळा येईल, मग येईल. वळणावर शिट्टी वाजवली. ही उभी होती, नवी साडी नेसून. आणि समोर हिरवा." त्यांनी घास मोडला. "हिरव्यावर थांबता येत नाही हो, जावईबापू."

मला रडू आलं. ते म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता." त्यानं आणखीच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर असताना त्यांचा फोन आला.

"आम्ही दोघं कुंपणापाशी बसलोय. डबा आणलाय. लूप रिकामं दिसतंय."

"एक मालगाडी येतेय बाबा, पण तिला सरळ काढतोय," मी घाईघाईने म्हटलं. कालपासून मालगाडी म्हटलं की मला धडकी भरत होती.

ते म्हणाले, "थांबवा की. कोण पोरगा चालवतोय कुणास ठाऊक, जेवला नसेल."

मी पडद्याकडे बघितलं. मागून फास्ट गाडी येतच होती. मी स्टेशनमास्तरांना फोन लावला.

"मालगाडी लूपमध्ये घ्या," म्हटलं. "पाचच मिनिटं."