सगळ्यांना पहिला मान

मला तिरसट म्हणतात, म्हणू देत. पण तुयेच्या कारखान्यातली सुलोचनाबाय नीट बोलत नाही असं मॅनेजर कृष्णनाथसरांनी ठरवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं ही बाई रोज फोनवरून डिचोलीच्या ऑफिसला मालाचे आकडे सांगते. आता म्हणे तिचे शब्द तुटतात, पंचवीसचे वीस ऐकू येतात, दोनदा चुकीचा माल गेला. पहिल्या तारखेपासून तिला पॅकिंगला बसवणार होते.

तिला पॅकिंगचं काही वाटत नव्हतं. तिच्या आईला लकवा झाला होता आणि त्याची सुरुवात अशीच जीभ अडखळून झाली होती. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तरी ती रोज आरशासमोर जीभ काढून बघायची.

मी संजना, दोन्ही ठिकाणचं नेटवर्क सांभाळते. तिच्या समोर बसून ऐकलं, तर शब्द न् शब्द खणखणीत. मग डिचोलीला गेले आणि तिला तिथे फोन लावायला सांगितलं. अरे देवा, खरंच तुटत होतं. आमचं बोलणं मात्र तिला स्वच्छ ऐकू जात होतं. आणि हे सगळं फक्त अकरा ते एक, त्या वेळेत डिचोलीला फोन करणारी ती एकटीच. जीभ काय घड्याळ बघून अडखळते? मला चैन पडेना.

आमचे फोन इंटरनेटच्या लाईनवरूनच चालतात. बोलणं बारीक तुकड्यांतून जातं, त्यांना पॅकेट म्हणायचं. फायलीचं पॅकेट जरा थांबलं तर काही बिघडत नाही, बोलण्याचं थांबलं तर शब्द गेलाच. म्हणून बोलण्याच्या पॅकेटावर सेहेचाळीस नंबरची खूण मारतात. ती दिसली की राउटर त्याला आधी सोडतो. फोन खूण मारत होता का, बघितलं. मारत होता. वाटेत कोणी पुसत होतं का? तेही नाही. मग राउटरला झालं काय?

शेवटी तुयेच्या राउटरमधून बाहेर पडणारी पॅकेटं तपासायला बसले. अकरा वाजले, सगळ्यांनी डिचोलीला दिवसाच्या फायली पाठवायला घेतल्या आणि रांग तुंबली. कॅमेऱ्यांच्या चित्रांवर सेहेचाळीस. स्टोअरच्या यादीवर सेहेचाळीस. लॅबच्या रिपोर्टवर सेहेचाळीस. सगळेच पालखीत बसले तर पालखी उचलणार कोण? कोण हा शहाणा म्हणून सेटिंग कोणी बदललं ते शोधलं. नाव माझंच.

मग आठवलं. मे महिन्यात नवा राउटर बसवताना मी प्रत्येक खात्यात जाऊन विचारलं होतं, तुमच्यातलं तातडीचं काय? स्टोअरला माझे मामा, बाबाजी. कॅमेऱ्यांना नवऱ्याचा चुलतभाऊ गोकुळदास. लॅबला शेजारीण चंद्रावती. प्रत्येकाचं एकच, पहिलं आमचं. एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? जत्रेला त्याच माणसांत तोंड दाखवायचं असतं. सगळ्यांना तीच खूण देऊन टाकली आणि तिन्ही ठिकाणी चहा प्यायले. सुलोचनाबायने काही मागितलं नव्हतं.

फोनची खूण ठेवली, बाकीच्या काढल्या. दहा मिनिटांचं काम. साडेअकराला तिने आकडे सांगितले, ते डिचोलीत जसेच्या तसे उतरले. गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि तसं मनात आलंही. पण कृष्णनाथसरांकडे गेले, खरं सांगितलं, भरपूर बोलणी खाल्ली. पॅकिंगचा हुकूम त्यांनी माझ्यासमोर फाडला. मामा अजून रुसलेले आहेत.

मग तिच्या टेबलाशी गेले.

"सुलोचनाबाय, तुमची जीभ बरी आहे. चूक माझी होती."

कधीपासून, एवढंच तिने विचारलं. मे महिन्यापासून, मी म्हटलं. तिने बोटांवर महिने मोजले. मला वाटलं आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"चवथीला गणपतीसमोर मी आरती म्हटली नाही गो," ती म्हणाली. "पोरांना अडखळलेलं ऐकू जाईल म्हणून नुसते ओठ हलवत उभी राहिले."