आठ दिवसांची फुशारकी

मित्रांनो, मी एक जुनी, तारांची विणलेली नळी आहे. जाडीला मुगाच्या दाण्याएवढी, लांबीला बोटाच्या पेराएवढी. नऊ वर्षांपूर्वी मला एका बाईंच्या डोक्यात, डाव्या डोळ्यामागच्या रक्तवाहिनीत बसवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे, आणि त्यांच्या कानावर पडतं ते मलाही ऐकू येतं. आपली गोष्ट सांगताना सगळे आपली थोरवी सांगतात. मी मात्र मान खाली घालून सांगणार आहे.

माझा जन्म एका बंद, लख्ख खोलीत झाला. केस झाकलेल्या, मास्क लावलेल्या बायका भिंगाखाली आमच्या तारा तपासायच्या. केसाहून बारीक अशा अठ्ठेचाळीस तारा. एक जरी वाकडी निघाली तरी अख्खी नळी बाद. माझ्या शेजारची बाद झाली आणि मी पास झाले. माझं शेफारणं तिथूनच सुरू झालं.

पुढे कित्येक महिने मी दवाखान्याच्या कपाटात डबाबंद पडून होते. मग माझ्या मापाच्या या बाई आल्या. त्या शिवणकाम करायच्या. चक्कर आली म्हणून डोक्याचा फोटो काढला, तर रक्तवाहिनीवर एक फुगा सापडला. तो फुटला नव्हता, पण कधी फुटेल याचा नेम नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "काकू, आतून ही नळी लावली की रक्त सरळ पुढे जाईल. फुग्यातलं रक्त थांबेल आणि फुगा हळूहळू बंद होईल. पण गोळ्या रोज घ्यायच्या. नाहीतर नळीवरच रक्त साखळेल. नळीला शरीराचं अस्तर चढेपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही."

अस्तर म्हटल्यावर बाईंना नेमकं कळलं. त्यांनी जन्मभर तेच काम केलं होतं.

मांडीतल्या रक्तवाहिनीतून मला वर नेलं. मी उघडले आणि भिंतीला नीट टेकले. "वा, अगदी मापात बसली," डॉक्टर म्हणाले. ते शब्द मी कितीतरी दिवस घोळवत होते. बाईंची मुलगी दर रविवारी सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या भरायची आणि रोज विचारायची, "आई, गोळ्या घेतल्यास ना?" माझी चौकशी कुणीच करत नव्हतं. खरं सांगते, मला त्या गोळ्यांचा राग यायला लागला.

त्या सुमारास बाईंकडे शाळेच्या पांढऱ्या शर्टांचं मोठं काम आलं होतं. शिवताना बोटाला सुई टोचायचीच. पण गोळ्यांनी रक्त पातळ झालेलं, आता ते लवकर थांबेना. एक शर्ट परत आला. कॉलरवर लाल ठिपका होता. गिऱ्हाईक काही वेडंवाकडं बोललं नाही, "असू दे, होतं असं," एवढंच म्हणून शर्ट ठेवून गेलं. तेच बाईंना जास्त लागलं. तीस वर्षांत त्यांचा एकही कपडा परत आला नव्हता. त्यांनी ठिपका गार पाण्याने चोळचोळून काढला. दुसऱ्या दिवसापासून डबीतल्या गोळ्या रोज कागदात गुंडाळून चिंध्यांच्या पिशवीत टाकू लागल्या. "एवढं काम होईपर्यंतच," त्या स्वतःशी पुटपुटल्या. मुलीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घेतल्या गं बाई."

आणि मित्रांनो, मी खूश झाले. म्हटलं, बघा, गोळ्यांवाचून काही अडत नाही, मी एकटी पुरेशी आहे. असे आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी दुपारी बाईंच्या उजव्या हातातून कात्री गळून पडली. मुलीला हाक मारायला गेल्या, तर शब्दच फुटेना. रक्ताच्या गाठी माझ्याच तारांवर धरल्या होत्या. राखणीला बसवलेल्या मीच वाट अडवली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

"एकही चुकलेली नाही," मुलगी छातीठोकपणे म्हणाली. "डबी मीच भरते, डॉक्टर."

"मग या गोळ्या त्यांना लागू पडत नसणार. जास्त जोराचं औषध द्यावं लागेल. त्याने डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती आहे, पण इलाज नाही."

बाईंना सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं, पण मान तर हलवता येत होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. नर्स औषध आणायला वळली. तेव्हा कुठे बाईंनी डाव्या हाताने मुलीची ओढणी धरली आणि मान हलवली. नाही.

"नाही म्हणजे? गोळ्या घेतल्या नाहीत?" डॉक्टर खाली वाकले. "किती दिवस?"

बाईंनी पाच बोटं दाखवली, मग तीन.

डॉक्टरांनी बेत बदलला. पुन्हा आतून वर येऊन माझ्या तारांवरच्या गाठी औषधाने विरघळवल्या आणि जुन्या गोळ्याच पुन्हा सुरू केल्या. संध्याकाळी बाईंची बोटं हलली. मुलगी उशाशी बसली होती. ती रागावली नाही. "मला का नाही सांगितलंस, आई?" एवढंच तिने विचारलं. बाई बराच वेळ शब्द शोधत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं.

"लाज वाटली."

वर्षभरात फुगा बंद झाला आणि माझ्यावर अस्तर चढलं. फोटो बघून डॉक्टर माझं कौतुक करतात, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं होतं.

मित्रांनो, घरातलं कुणी औषध टाळत असेल, तर रागावण्याआधी जवळ बसा आणि का ते विचारा. आणि तुम्हीच टाळत असाल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. लोक म्हणतील, नळी बिचारी मुकी, ती काय करणार. पण मला बोलता येत असतं, तरी ते आठ दिवस मी गप्पच बसले असते. मला बरं वाटत होतं ना.