शोकफलकाची उजवी बाजू

सर लायनेल थॉर्नबी गेले तेव्हा एल्मस्टो गावावर धुकं उतरलं आणि मग उठलंच नाही. घरातली माणसं पाण्याखाली चालल्यासारखी हळूहळू वावरत होती. त्यांची एकुलती मुलगी सिबिल घोड्यांच्या रिकाम्या पागेत शोकफलक रंगवत बसली होती.

थॉर्नबींच्या घरात कर्ता पुरुष गेला की चौकोनी फळी टोकावर उभी धरून तिच्यावर घराण्याची ढाल रंगवायची. ती मुख्य दारावर टांगायची आणि वर्ष सरलं की चर्चमध्ये न्यायची. ढाल रंगवून झाली होती. तिच्यावर तीन बगळे होते आणि बॅरोनेटपदाची खूण म्हणून लाल तळहात. ती पदवी आता कॅनडातल्या कुणा चुलतभावाकडे जाणार होती. मुलीकडे ती येत नाही. राहिला होता फक्त ढालीमागचा रंग. बायको मागे राहिली असेल तर डावा अर्धा भाग काळा, उजवा पांढरा. तीही आधीच गेली असेल तर सगळं काळं.

डावी बाजू काळी करून सिबिल थांबली होती.

चर्चमधले जुने फलक वाचायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. त्यांच्या खांद्यावर बसून ती वर बोट दाखवी. "ही पणजी मागे राहिली," ते सांगत. "आणि हा बघ, हा आधीच एकटा झाला होता." आपलं घराणं तिला असंच आठवे, छताखाली अंधारात तरंगणारं, कुठे काळं, कुठे अर्धं उजळ.

"काळा रंग संपला की काय?" बाबांची थोरली बहीण, मिल्ड्रेड आत्या, दारात उभी होती.

"आहे."

"मग ब्रश धरून ध्यान कसलं लावलंयस? उद्या लायनेलला न्यायचंय."

"आत्या, आई जिवंत आहे."

सिबिल लहान असतानाच आई एका जहाजावरच्या डॉक्टरबरोबर निघून गेली होती. समुद्राकाठी कुठेतरी असते, एवढंच बाबा एकदा म्हणाले होते. त्यांनी घटस्फोट कधी घेतला नाही. गावाला आधी सांगितलं, हवापालटासाठी गेलीय. मग सांगणंच थांबलं आणि गावानं तिला समजुतीनं मारून टाकलं.

"आपल्या लेखी मेली ती," आत्या म्हणाली. "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. या झाकण्यावर माझ्या भावानं पार्लमेंटातली जागा टिकवली."

"बायकांना मत मिळालं तेव्हाची सभा आठवते? मागून कुणीतरी खोडसाळपणे ओरडलं, 'सर, बाईसाहेब कुणाला मत देणार?' बाबा म्हणाले, 'ती मलाही सांगत नाही हो!' सभा हसून लोळली."

"चलाख होताच तो."

"मेलेली माणसं मत देत नाहीत, आत्या."

"आपल्या मतदारसंघात देतात कधीकधी." आत्याचा ओठ किंचित हलला, मग घट्ट मिटला. "लोकांनी विचारलं तर काय सांगशील? तू अजून धड रडलीसुद्धा नाहीस."

"बाबांनी तिला कधी मेलेली म्हटलं नाही. ते मी कसं म्हणू?"

आत्या निघून गेली. सिबिलनं पांढरा डबा उघडला. ओला पांढरा रंग किंचित निळा दिसतो, दुधासारखा. ती सावकाश रंगवत राहिली. जणू कुणीतरी झोपलंय, त्याला जाग येऊ नये.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं धुक्यातून एकेक करून उमटली. पुरुषांनी टोप्या काढल्या आणि सगळ्यांनी दारावरच्या फलकाची पांढरी बाजू पाहिली.

"अगं बाई!" दूधवाल्याची बायको मिसेस प्रुएट मोठ्यानंच म्हणाली. "म्हणजे बाईसाहेब आहेत?"

सिबिलनं तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदका आला. मग दुसरा. तिला ते थांबवता येईनात.

"आहे की," आत्या म्हणाली. "पेन्झान्सला, समुद्राकाठी. इथली हवा मानवत नाही तिला."

"मग आज येणार असतील ना?"

"कळवलंच नाही अजून." आत्यानं सिबिलचा कोपर धरला आणि तिला पायऱ्यांवरून उतरवता उतरवता पुटपुटली, "पत्ता माझ्याकडे आहे. आज संध्याकाळीच कळव."